अनुभव धागा: अबू धाबीच्या आसपासची बेटं

थंडी सुरू झाली की इथल्या मराठी घरांत एकच प्रश्न फिरतो: पाहुणे आलेत, मशीद दाखवून झाली, आता न्यायचं कुठे? खरं तर हे शहरच बेटावर आहे. १९६८ साली मक्ता पूल झाला, त्याआधी लहानशा बंधाऱ्यावरून यायचं आणि त्याही आधी ओहोटी बघून. आजूबाजूला दोनशेहून जास्त बेटं आहेत. काहींवर पुलावरून गाडी जाते, काहींना बोट लागते. गेला असाल तर लिहा. कसे गेलात, काय आवडलं, पुन्हा जाल का. तिकिटांचे दर नकोत, ते हंगामागणिक बदलतात आणि भांडण माझ्या अंगावर येतं.

मुसाफाहून

सादियात बेटापासून सुरुवात करते. सासूसासरे कोल्हापूरहून आले होते. तिथल्या लूव्र संग्रहालयात जायचं म्हटल्यावर सासरेबुवांचा चेहरा पडला. दालनांतून ते भराभर निघालेही, पण घुमटाखाली आल्यावर हलेनात. १८० मीटर व्यासाचा, आठ थरांच्या जाळीचा घुमट आहे. ऊन त्यातून ठिपक्याठिपक्यांनी खाली उतरतं आणि सरकत राहतं. सासऱ्यांची सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत गेली. त्यांना एकच पडलं होतं, 'एवढं वजन टेकलंय कशावर?' चारच खांब आहेत आणि तेही इमारतीत लपवलेले, हे गार्डने सांगितल्यावर ते शोधायला पुन्हा एक फेरी झाली. चित्रं सासूबाईंनी बघितली.

संध्याकाळी किनारा. तिथल्या वाळूच्या टेकाडांवरून चालू नका, लाकडी वाटेवरूनच जा. वसंतात हॉक्सबिल कासवं या किनाऱ्यावर अंडी घालतात.

खलिफा सिटीहून

मुलं आठ ते चौदा वयाची असतील तर यास बेटावर जा, बाकी सगळं राहू द्या. फेरारी वर्ल्ड या तिथल्या करमणूक पार्कमधली ताशी २४० किलोमीटरची रोलर कोस्टर आमच्या दादाला पुन्हा पुन्हा हवी होती. मी पर्सा सांभाळल्या. डब्यातली थालीपीठं मात्र गेटबाहेरच संपवावी लागली.

मुसाफाहून

ताई, यासला बेट म्हणायचं तर मुंबईलाही म्हणावं लागेल!

खलिफा सिटीहून

मुंबई बेटच आहे की. :)

अल रीमहून

मी मूळचा मालवणचा. आम्हाला तिवरांचं कसलं कौतुक, म्हणून जुबैल बेटावरचं कांदळवन मी बरीच वर्षं टाळलं. बायकोने नेलं. झाड आपल्याकडचंच, पण इथे ते बुटकं राहतं. पाणी फार खारट आणि पाऊस जवळजवळ नाही. पानाला बोट लावून चाटून बघा, मीठ लागतं. जास्तीचं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. लाकडी पुलावरून फिरणं आरामाचं आहे, म्हाताऱ्या माणसांनाही जमतं. कयाक घेणार असाल तर भरतीची वेळ बघूनच बुकिंग करा, ओहोटीला फांद्यांमधल्या वाटा उथळ होतात. खेकडे पायाखाली फिरत असतात. हात शिवशिवतात, पण राखीव जागा आहे, नुसतं बघायचं.

रुवैसहून

सगळे शहराजवळचंच लिहिताय. आम्ही पश्चिमेकडचे, आमचं बेट दलमा.

जबल धन्नाच्या जेट्टीवर गाडीसकट फेरीत चढायचं. दीड तासाच्या आसपास लागतो. बोटीत पर्यटक कमी, बाजारहाट करून घरी निघालेले बेटावरचेच लोक जास्त. उतरल्यावर 'बघण्यासारखं' म्हणावं असं फार काही दिसत नाही. मासेमारीच्या बोटी, जुन्या मशिदी, गाव. मला तेच आवडलं. माझा मित्र तासाभरात परतीची बोट कधी ते विचारू लागला.

पण मुरैखी या मोत्यांच्या व्यापाऱ्याचं घर चुकवू नका. तिथे आता संग्रहालय आहे. दलमाच्या विहिरींना गोडं पाणी होतं, म्हणून मोती काढणाऱ्या बोटींचा हा मोठा थांबा. हंगाम ऐन उन्हाळ्याचा. नाकाला चाप, पायाला दगड, कमरेला दोर, की पाणबुड्या खाली. वर ओढणाऱ्याचं लक्ष दोरावर. आणि हा माल जायचा कुठे? बराचसा आपल्या मुंबईला. आईच्या नथीत बसरा मोती आहेत. ते याच आखातातले, हे मला पन्नाशीत कळलं. इथल्या बाजारात १९६६ पर्यंत चलनही रुपयाच होता. शेवटची काही वर्षं आखातासाठी वेगळी छापलेली नोट होती. त्याआधीच, १९३० च्या सुमारास, जपानी कल्चर्ड मोती आणि जागतिक मंदी यांनी मोत्यांचा धंदा बसवला होता.

मरावह बेटावर तर आठ हजार वर्षांपूर्वीचा मोती सापडलाय, २०१७ च्या उत्खननात.

पुण्याहून

आमची क्रूझ सीर बनी यास बेटावर थांबली होती. सुंदर किनारा, आरामखुर्च्या, बार्बेक्यू. दिवसभर डुंबलो. बेट म्हणून यापलीकडे काही वाटलं नाही.

रुवैसहून

काका, तुम्ही ओसरीवर बसून परत गेलात! आत जीपने फिरा. जिराफ, चित्ते आणि मुख्य म्हणजे अरबी ओरिक्सचे, म्हणजे लांब शिंगांच्या पांढऱ्या हरणांचे, कळप. जंगलातून हा प्राणी १९७० च्या दशकात संपला होता, पाळून वाढवलेल्यांपासून पुन्हा उभा केलाय. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांनी हे बेट प्राण्यांसाठी राखलं, झाडं लावली. आणि तिथेच इस्लामच्या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत, १९९२ मध्ये सापडलेले. नीट बघायचं तर रात्रीचा मुक्काम हवा आणि तो स्वस्त नाही.

मोहम्मद बिन झायेद सिटीहून

आम्ही चार घरं मिळून लाँच भाड्याने घेतो. वाळूच्या एखाद्या बेटावर उतरायचं, पोहायचं, वडापाव खायचे. एकदा शमाल, म्हणजे वायव्येचा जोराचा वारा, सुटला आणि बोटवाल्याने जेट्टीवरूनच परत पाठवलं. पैसे परत न देता पुढची तारीख दिली. चिडलो होतो, पण त्या वाऱ्यात नेलं असतं तर जास्त चिडलो असतो. एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, प्रत्येकाचं जवळ ठेवा. सावली घेऊन जा, बेटावर ती नसते.

दासहून

आम्ही या तेलाच्या बेटावर नोकरी करतो. अबू धाबीचं पहिलं तेल १९६२ मध्ये इथूनच जहाजात चढलं. आमच्यासाठी सुट्टी म्हणजे बेटावरून उतरणं. दलमा, सीर बनी यास तुम्हीच फिरा.

ठाण्याहून

ऑगस्टमध्ये मुलीकडे येतोय. यातलं काय जमेल?

खालिदियाहून

काका, बोटीचं काही नको. तेव्हा समुद्राचं पाणीच पस्तिशीला टेकलेलं असतं. लूव्र आणि यासच्या बंद इमारती जमतील, जुबैल अगदी सकाळी. दलमासाठी जानेवारीत परत या. फेरी सुटणार का, हे आदल्या दिवशी विचारून निघा.