मदत हवी आहे: अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटसाठी दोन शस्त्रक्रिया खरोखरच लागतात का?

मेधा_ठाणे: आईच्या बदललेल्या गुडघ्यात जंतुसंसर्ग झाला आहे. डॉक्टरांचे म्हणणे असे, की कृत्रिम सांधा काढून त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता स्पेसर बसवायचा आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर पुन्हा उघडून नवा सांधा घालायचा. सिमेंटमध्ये औषध असतेच, तर त्याच सिमेंटने नवा सांधा लगेच का बसवत नाहीत? सोमवारपर्यंत होकार कळवायचा आहे, म्हणून नेमके उत्तर द्यावे. 'दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या' हे आम्हालाही सुचले आहे.

नाना_जोगळेकर: आधीची शस्त्रक्रिया केव्हा झाली? सांध्यातले पाणी काढून तपासले का, आणि कोणता जंतू निघाला? मधुमेह आहे का? यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

प्रकाश_सांगली: माझ्या मेहुण्यांचा सांधा न काढता नुसता आतून धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून टाकला आणि ते आज शेतात जातात. डॉक्टरांना तेच करायला सांगा. सांधा काढण्याची घाई कशाला?

अस्थिरोग_निवासी: प्रकाशराव, तो उपाय शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत किंवा त्रास नुकताच सुरू झाला असेल तरच चालतो. जुन्या संसर्गात जंतू धातूवर चिकट थर धरून बसतात आणि तिथे औषध पुरेसे पोहोचत नाही. म्हणून सांधा काढावा लागतो.

मेधाताई, सांधा पक्का बसवायच्या सिमेंटमध्ये 40 ग्रॅम भुकटीमागे साधारण अर्धा ते एक ग्रॅम औषध असते, कारण त्याहून बरेच जास्त घातले तर सिमेंट कमकुवत होते. स्पेसरला वर्षानुवर्षे भार सोसायचा नसल्याने त्यात 3.6 ग्रॅमहून अधिक औषध मिसळता येते. मात्र ते पहिल्या काही दिवसांत भरपूर पाझरते आणि मग अगदी थोडे, त्यामुळे पुढे तोच स्पेसर जंतूंना बसायला जागा ठरू शकतो. एकाच वेळी सांधा बदलण्याची पद्धतही आहे, जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये ती दीर्घकाळ रुजलेली आहे; पण त्यासाठी जंतू आधी ओळखलेला असावा लागतो आणि भोवतालची त्वचा व स्नायू चांगले असावे लागतात.

रसायन_मास्तर: हे घर बांधायचे सिमेंट नव्हे, हे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे दातांच्या कवळीचे अ‍ॅक्रिलिक. घट्ट होताना ते तापते, म्हणून उष्णता सोसणारी जेंटामायसिन, व्हॅन्कोमायसिन अशी औषधे निवडतात. रिफॅम्पिसिन मिसळले तर ते नीट घट्टच होत नाही. ही कल्पना बुखहोल्झ आणि एंगेलब्रेख्ट या सर्जननी 1970 मध्ये हॅम्बुर्गहूनच मांडली.

सुमन_काकू: घरात कमोडची खुर्ची उंच घ्या, वॉकरच्या पायांचे रबर तपासा. आमच्याकडे मेडिक्लेमवाल्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी फार खळखळ केली, तेव्हा पत्र आधीच घेऊन ठेवा.

मेधा_ठाणे: काकू, तो प्रश्न नंतरचा. शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली. मधुमेह आहे, मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन 1.6 आहे. पाणी काढले होते, पण रिपोर्टवर 'नो ग्रोथ' लिहिले आहे. तेव्हा जवळच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू होत्या.

नाना_जोगळेकर: हेच आधी सांगायला हवे होते!

अस्थिरोग_निवासी: नाना, रागावू नका. गोळ्या चालू असताना नमुना घेतला तर संसर्ग असूनही जंतू न वाढणे अगदी शक्य असते, म्हणून तब्येत परवानगी देत असेल तर निदान दोन आठवडे औषध थांबवून पुन्हा पाणी काढतात. जंतूच ठाऊक नसेल तर एकाच वेळी सांधा बदलण्याचा आग्रह धरू नये. सर्जनना विचारा, की पुन्हा नमुना घेणार का, शस्त्रक्रियेत चार-पाच जागांचे तुकडे तपासायला पाठवणार का, आणि स्पेसरमध्ये कोणते औषध किती घालणार. क्रिएटिनिन पाहता हा शेवटचा प्रश्न मूत्रपिंडतज्ज्ञांसमोर व्हावा, कारण ही औषधे सिमेंटमधूनही रक्तात जाऊन मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

प्रकाश_सांगली: मेहुण्यांना मधुमेह नव्हता, हे खरे.

मेधा_ठाणे: दोन आठवडे थांबल्यास संसर्ग रक्तात पसरणार नाही ना?

अस्थिरोग_निवासी: थंडी वाजून ताप, गुंगी, रक्तदाब उतरणे यांपैकी काही दिसले तर थांबायचे नाही, रात्र असली तरी रुग्णालयात न्यायचे. यातले काही नसेल, तर थांबायचे की नाही हे तपासून सर्जनच ठरवतील. गोळ्या मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.