मदत हवी आहे : भाचीच्या ऑपरेशनची घाई कशी थांबवू?

भाची 13 वर्षांची, मुलगी म्हणूनच वाढलेली. हल्ली आवाज घोगरा झालाय, ओठावर लव आलीय, पाळी मात्र नाही. तपासणीत गुणसूत्रं एक्सवाय, म्हणजे सहसा मुलांमध्ये असतात तशी निघाली. निदान : फाइव्ह-अल्फा रिडक्टेज डेफिशियन्सी. म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तयार होतं, पण त्याचं डीएचटी या जास्त प्रभावी हार्मोनमध्ये रूपांतर नीट होत नाही. त्यामुळे गर्भात बाहेरची जननेंद्रियं मुलासारखी पूर्ण घडत नाहीत आणि वयात येताना टेस्टोस्टेरॉन वाढलं की असे बदल दिसू लागतात.

गावात कुजबुज सुरू झालीय. घरातल्या मोठ्यांना वाटतं, लग्नाचं वय व्हायच्या आत जननेंद्रियांचं ऑपरेशन उरकून टाकावं. (लग्न कोणाचं आणि कशाला, हे विचारायची सोय नाही.) ताईही आता डगमगते आहे. मी वाचलंय की या स्थितीत काहीजण पुढे पुरुष म्हणून जगतात, काहीजण बाईच राहतात. मग आत्ताच कापाकापी कशासाठी? तमिळनाडूने 2019 मध्ये लहान मुलांवरच्या अशा शस्त्रक्रियांना बंदी घातली, जिवाला धोका असेल तरच सूट. हे घरी सांगितलं, तर "ते तिकडचं" म्हणून उडवून लावलं.

खरी अडचण वेगळीच आहे. भाचीला कोणी काहीच सांगितलेलं नाही. ती शाळेत बोलणंच टाळते.

मुलांचे हार्मोनतज्ज्ञ आणि समुपदेशक एकत्र बघतात अशा ठिकाणी कुणी गेलंय का? तिला सांगायला सुरुवात कुठून करू? आणि इथे कुणी स्वतः इंटरसेक्स (जन्मतःच शरीर ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात न बसणारे) असाल, तर त्या वयात घरच्यांनी काय बोलायला हवं होतं असं वाटतं? मेसेज केलात तरी चालेल.