मदत हवी: नव्या फ्लॅटचा एसी आणि गीझर दोन्ही बिघडलेत, चवथीच्या आत दुरुस्त व्हायला हवेत!

मृगजळ:
गोव्यात पर्वरीला फ्लॅट घेतला, नुकतेच राहायला आलोय. बेडरूमचा एसी लावला की सुरुवातीला मस्त गार करतो, मग नुसता पंखा फिरत राहतो. रात्री उशिरा परत ठीक. पहिला मेकॅनिक म्हणाला गॅस संपलाय. भरला, पैसे घेतले, गेला. आठवडाभरात पुन्हा तेच रडगाणं. दुसरा म्हणतो पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, उडालाय, बारा हजार होतील. वर गीझर लावला की अख्ख्या घराची लाइट जाते. चवथ झाली की सासरची मंडळी येतायत आणि सासऱ्यांना गार पाणी चालत नाही. पर्वरी-म्हापसा भागातला कोणी भरवशाचा माणूस सांगा. नुसता नंबर दिलात तरी चालेल. प्लीज लवकर.

फोंडकर:
नंबर इथे उघड्यावर टाकता येत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पण आधी सांगा, एसी किती टनी, किती जुना, इन्व्हर्टर की साधा? फ्लॅट बिल्डरकडून की रीसेल? लाइट जाते म्हणजे नेमकं काय पडतं?

मृगजळ:
दीड टन. पांढरा आहे. इन्व्हर्टर असावा, स्टिकरवर गॅस आर-३२ लिहिलंय. रीसेल, एसी-गीझर आधीच्या मालकांचेच. लाइट जाते म्हणजे लाइट जाते, अजून काय सांगू?

पुणेकर_मी:
गीझरचा प्रॉब्लेम हमखास पाण्याचा. क्षार साचले असणार. आम्ही सॉफ्टनर बसवला, तेव्हापासून शांत आहे. तुम्हीही बसवा, विषय संपला.

डिचोलीकर:
पुणेकर, तुमच्या बोअरचं पाणी आणि आमचं पाणी एक नव्हे. इथे चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी आंबटाकडे झुकतं. ते थर चढवत नाही, उलट धातू खातं. सॉफ्टनर लावून काय मऊ करणार?
बाकी चवथीला पर्वरीत पाहुणे? मूळ घरी जात नाही तुम्ही?

मृगजळ:
सासर कोल्हापूरचं आहे. त्यांचा गणपती तिकडे असतो, विसर्जन झालं की इकडे येतील. पाण्याबद्दल सांगायचं तर सोसायटीत नळाचं आणि विहिरीचं असं मिक्स येतं. आता कोणी एसीबद्दल बोलेल का?

हक्काचं_बोला:
भाऊ, रेरा कायदा कलम १४(३) वाचा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा सोयींमध्ये दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. मेकॅनिकच्या मागे फिरण्यापेक्षा नोटीस पाठवा.

मृगजळ:
मी भाऊ नाही. बिल्डिंग अकरा वर्षांची आहे. आणि एसी बिल्डरने दिलेला नाही हे वर लिहिलंय.

सोलकढी:
ताई, गीझरचं एकदम सोपं आहे. तुमच्या बोर्डात तो ईएलसीबी असणार, तोच पडतो. आमच्या मेव्हण्याने काढून टाकला आणि सरळ जोडणी केली. दोन वर्षं झाली, एकदाही लाइट गेली नाही.

वायरमन_काका:
सोलकढी, तुमच्या मेव्हण्याला आजच्या आज तो परत बसवायला सांगा. ३० मिलिअँपिअर विजेची गळती झाली की ईएलसीबी पडतो, तो माणूस वाचवायला. ओल्या बाथरूममध्ये उघड्या पायांनी उभं राहून असले प्रयोग करायचे नसतात. दोन वर्षं काही झालं नाही हे नशीब.

ताई, दोन गोष्टी बघा. पहिलं, बोर्डात नेमकं काय पडतं? 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण ज्यावर असतं तो, की शेजारचा छोटा एमसीबी, जो लोड जास्त झाला की पडतो? दुसरं, गीझरचा स्विच बंद असतानाही पडतं का?

मृगजळ:
'टी'वालाच पडतो. स्विच बंद असताना काल दोनदा पडला, म्हणून तर आता वायरिंगच फोडावं लागणार अशी भीती वाटतेय.

वायरमन_काका:
फोडू नका. बहुतेक घरांत गीझरचा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गीझरची कॉइल फुटून पाण्याला लागली असेल तर त्या न्यूट्रलमधूनही गळती होते आणि स्विच बंद असला तरी ईएलसीबी पडतो. गीझरची पिन सॉकेटमधून उपसून ठेवा. दिवसभर पडला नाही तर दोष गीझरमध्ये, वायरिंग सुटलं.

आता एसी. गॅस कमी असता तर सुरुवातीलाही धड गार झालं नसतं आणि आतल्या कॉइलवर किंवा बाहेरच्या बारीक नळीवर बर्फ धरला असता. तुमचा चालू केल्यावर नीट, मग दमतो, रात्री सुधारतो. ही लक्षणं आउटडोअर तापण्याची. आउटडोअर कुठे आहे? त्याची जाळी कचऱ्याने बुजलीय का?

केपेंकार:
मी म्हणतो एसी हवाच कशाला? मंगलोरी कौलं, उंच भिंती, समोरासमोर खिडक्या, आमच्या घरात मे महिन्यातही चादर लागते. आणि आंघोळीला भाण. चुलीवर नारळाच्या सोडणांनी तापवलेल्या पाण्याची सर गीझरला नाही.

डिचोलीकर:
केपेंकार, ती सोडणं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुठे पेटवायची? बाकी मे महिन्यातली चादर डासांसाठी असते हे आम्हाला ठाऊक आहे.

मृगजळ:
@वायरमन_काका, आउटडोअर एकदम स्वच्छ आहे. बाल्कनीत सावलीत आहे. आधीच्या मालकांनी बाल्कनीला स्लायडिंग लावून ती पूर्ण बंद केलीय, त्यामुळे पाऊस-धूळ काहीच लागत नाही. वॉशिंग मशीन पण तिथेच ठेवलंय.

फोंडकर:
बंद बाल्कनी! हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर एवढं पान भरलंच नसतं.

वायरमन_काका:
ताई, आउटडोअर खोलीतली उष्णता बाहेर फेकतो. तुमच्याकडे ती बाल्कनीतच कोंडते आणि तीच गरम हवा तो परत आत ओढतो. तापला की स्वतःला वाचवायला कॉम्प्रेसर थांबवतो, आत नुसता पंखा उरतो. पीसीबीला हात लावू नका. आज दुपारी सगळ्या काचा सताड उघडा, समोरचं कपड्यांचं स्टँड-बिंड हलवा आणि एसी लावून बघा.
पहिल्याने गॅस कमी नसताना भरला असेल तर तो जास्त झालाय, त्यानेही प्रेशर वाढतं. आर-३२ अंदाजाने नाही, वजनकाट्यावर भरतात. किती ते युनिटच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

मृगजळ:
बाल्कनी बंद आहे का, हे कोणी विचारलंच नव्हतं. आणि दोघेही मेकॅनिक त्याच बाल्कनीत घाम पुसत उभे होते, ते काही बोलले का?

पुणेकर_मी:
दीड टनाऐवजी दोन टन घ्या. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

डिचोलीकर:
म्हणजे बाल्कनीत आणखी मोठी भट्टी.

मृगजळ:
काल सगळ्या काचा उघडल्या. दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत एसी एकदाही थांबला नाही. बेडरूम इतकी गार की मुलगी स्वेटर शोधत होती. चारला धो धो सर आली आणि मशीन भिजलं, ते वेगळं.
गीझरची पिन काढल्यापासून ईएलसीबी पडला नाही. फोंडकरांनी व्यनित दिलेला माणूस आज आला. कॉइल मधोमध फुटून उकललेली, आणि मॅग्नेशियमचा रॉड म्हणून बाहेर काढलं ती बोटाएवढ्या जाडीच्या रॉडमधली नुसती तार. टाकी मात्र शाबूत. कॉइल, रॉड, गॅस्केट तिन्ही नवीन बसवलं, अर्थिंग तपासून घेतलं.

वायरमन_काका:
झकास. तो रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो, म्हणून टाकी वाचली. रॉड दर दीड-दोन वर्षांनी उघडून बघा. विहिरीचं पाणी असेल तर आधीच.

सोलकढी:
आउटडोअर बाहेरच्या भिंतीवर घ्या ना. पण पावसात खराब होईल का?

फोंडकर:
आउटडोअर पावसात राहण्यासाठीच बनवलेला असतो. खरा वैरी खारा वारा. ब्रॅकेट स्टेनलेसचं घ्या, साधं लोखंड आपल्याकडे बघता बघता पापुद्रे सोडतं. आणि भिंतीला भोक पाडायच्या आधी सोसायटीकडून लेखी घ्या. हलवताना 'पंप डाउन' करून गॅस आउटडोअरमध्येच अडवता येतो. पाइप जोडल्यावर आतली हवा-ओल काढायला व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय माणसाला घरातून सोडू नका.

मृगजळ:
सेक्रेटरींना विचारलं. म्हणाले, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ, आधी बाल्कनी बंद करायची परवानगी होती का तो कागद आणा. आधीचे मालक फोन उचलत नाहीत. तोपर्यंत काचा उघड्या ठेवून मशीनवर ताडपत्री टाकलीय. स्टेनलेस ब्रॅकेट म्हापशात कुठे मिळेल?

हक्काचं_बोला:
परवानगीच्या कागदावरून आठवलं, तुमच्या सेल डीडमध्ये बाल्कनीचं क्षेत्रफळ कसं दाखवलंय?

मृगजळ:
ब्रॅकेट. म्हापसा. कोणी आहे का?