अमेरिकेच्या दक्षिणेतलं घर दाखवायचं तर 'मॉकिंगबर्ड'च का?

रानजाई: भाचीला अमेरिकेच्या दक्षिणेतला वर्णभेद कळावा म्हणून कोणती कादंबरी द्यावी, असं विचारलं की सगळे हार्पर लीची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) पुढे करतात. माझा विरोध आहे. कॅलपर्निया ही काळी स्वयंपाकीण त्या गोऱ्या वकिलाच्या घरात रांधते, मुलांना धाकात ठेवते. पण तिचं स्वतःचं घर? गोष्ट सांगणारी वकिलाची लेक स्काउट एकदा विचारते, तुझ्याकडे येऊ का? ती हो म्हणते, आणि लेखिका आपल्याला तिथं कधीच नेत नाही. गोऱ्या मुलीवर बलात्काराचा खोटा आळ आलेल्या काळ्या टॉमच्या बायकोवर आभाळ कोसळतं, तेही आपल्याला तिसऱ्याच्या तोंडून कळतं.

त्यापेक्षा मिल्ड्रेड टेलरची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' (१९७६) द्या. काळ तोच, १९३३ची मिसिसिपी. कॅसी लोगनचा बाप लुइझियानात रेल्वेच्या कामाला, कारण नुसत्या कापसावर जमिनीचा कर आणि हप्ते भागत नाहीत. सहा वर्षांच्या भावाला शाळेत पुस्तक मिळतं. आत तक्ता: कुणाला दिलं, अवस्था कशी. गोऱ्या मुलांनी वापरून पार चिंधड्या झाल्यावर ते काळ्यांच्या शाळेला आलंय. पोरगं पुस्तक फेकून त्यावर पाय आपटतं. बस्स, एवढं पान पुरे आहे.

मास्तर_निवृत्त: वकिलाची गोरी लेक काळ्या घराच्या आतलं कुठून सांगणार? सांगितलं असतं तर तुम्हीच खोटं म्हणाला असता. न्याय कसा बुडतो ते बघा: मुलीला मारणारा डावखुरा, टॉमचा डावा हात निकामी, पुरावा डोळ्यांसमोर, तरी दोषी.

चिवडा: आणि टॉमचा वकील, स्काउटचा बाप ॲटिकस हरला तरी वरच्या सज्जातले काळे लोक त्याच्यासाठी उभे राहतात. आरतीच बाकी राहिली!

तिरपा_डोळा: रानजाईताई, तुमचीच फूटपट्टी लावतो. लोगनांची ४०० एकर स्वतःची जमीन! तिथले बहुतेक काळे शेतकरी दुसऱ्याची जमीन वाट्याने करायचे. बियाणं, खत, मीठपीठ उधारीवर, हिशेब मालकाच्या वहीत. कापूस विकला तरी बाकी निघायचीच. ते घर टेलरबाईंच्या कादंबरीत शेजारी म्हणूनच येतं.

रानजाई: म्हणून तर ती जमीन हवी गोष्टीत. गोऱ्यांच्या दुकानावर बहिष्कार टाकायचा ठरतो तेव्हा वाट्याने करणारे एकेक करून माघार घेतात. मालकाने दम दिल्यावर करतील काय? लोगन टिकतात, पण फुकट नाही. आईची शिक्षिकेची नोकरी जाते, बँक सगळं कर्ज एकदम मागते, काका गाडी विकतो.

चिवडा: त्यापेक्षा भाचीला आधी फुल्यांची 'गुलामगिरी' द्या. १८७३ साली त्यांनी ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांनाच अर्पण केलीय.

मास्तर_निवृत्त: द्या की, पण म्हणून मिसिसिपी आपोआप कळत नाही. असो. टेलरबाईंकडे तरी शेवटी काय होतं? गोऱ्यांच्या झुंडीच्या तावडीतून शेजारच्या काळ्या पोराला सोडवायला कॅसीचा बाप स्वतःच्या कापसाला आग लावतो. पोरगं जातंच तुरुंगात. मग फरक काय पडला?

तिरपा_डोळा: मास्तर, शेवट फोडलात!

रानजाई: फरक असा की ॲटिकस ज्युरीच्या सद्सद्विवेकाला हाक घालतो. लोगन तसली हाक घालत बसत नाही. आग जमीनदाराच्या रानाकडे सरकली, तेव्हा झुंडीतलेही पोतं घेऊन विझवायला धावले.