टणक ट्रेलवर स्नोमोबाइल वारंवार तापते, पंप बदलू का?

नोव्हायकर
नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. या हिवाळ्यात एक जुनी स्नोमोबाइल घेतली. ६०० सीसी, टू-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड. गेल्या शनिवारी आम्ही दोघं उत्तर मिशिगनमधल्या होटनहून बिल निकोल्स ट्रेलने दक्षिणेकडे निघालो. हा जुन्या रेल्वेचा मार्ग, त्यामुळे लांबच लांब सरळ पट्टे. आदल्या आठवड्यात दिवसा वितळून रात्री गोठलेला बर्फ, अगदी फरशीसारखा टणक. ट्विन लेक्सच्या अलीकडे तापमानाचा लाल दिवा लागला. बाहेर उणे १२ सेल्सिअस! इंजिन चालू ठेवूनच थांबलो, म्हटलं निवेल. तर दिवा जाईचना. बंद करून वीस मिनिटं थांबलो, निघालो, पाच-सहा मैलांवर पुन्हा तेच. वर प्लास्टिक जळल्यासारखा वास. बायको मागे बसलेली, अंधार पडत आलेला, फोनला रेंज नाही. फार घाबरलो होतो.

कूलंट पुरेसं आहे, मी स्वतः बघितलंय. मेकॅनिक म्हणतो वॉटर पंप बदला, आणि आकडा बराच मोठा सांगतोय. खरंच पंप गेला असेल का?

लेक_सुपीरियर
नोव्हायकर, पंपाला हात लावायच्या आधी हे वाचा. मी होटनला आठ हिवाळे काढलेत आणि याच ट्रेलवर तुमच्यासारखाच लाल दिवा बघितलाय.

उणे १२ मध्ये इंजिन तापतंच कसं, हा प्रश्न पडतो कारण आपल्या डोक्यात कार असते. कारला पुढे रेडिएटर, त्याला वारा लागतो. तुमच्या स्लेडमध्ये, म्हणजे स्नोमोबाइलमध्ये, सीटखालच्या टनेलला (पट्ट्यावरच्या धातूच्या बोगद्याला) आतून ॲल्युमिनियमचे हीट एक्स्चेंजर असतात. कूलंट त्यातून फिरतं, आणि खालचा पट्टा बर्फ उडवून त्यांच्यावर मारत राहतो. तो बर्फ वितळताना उष्णता ओढून घेतो. १ किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात १ किलो पाणी ० वरून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापतं. कोरड्या हवेला हे काम झेपत नाही. तुमचं इंजिन थंडीने निवत नाही, उडालेल्या बर्फाने निवतं. टणक ट्रेलवर पट्ट्याला उडवायला काही मिळत नाही, आणि उभ्या गाडीत तर काहीच उडत नाही. म्हणून चालू ठेवून थांबलात ते उलट नडलं. दिवा लागला की कडेच्या भुसभुशीत बर्फात गाडी घालायची, इंजिन बंद करायचं, आणि हाताने ओंजळी भरभरून टनेलवर बर्फ टाकायचा.

तो जळका वास बहुधा इंजिनाचा नाही, स्लाइडचा आहे. सस्पेन्शनच्या रेलखाली प्लास्टिकच्या लांब पट्ट्या असतात, त्यांच्यावरून पट्ट्याच्या धातूच्या क्लिपा घसरतात. त्यांनाही बर्फ हेच वंगण. स्लेड कुशीवर कलती करून बघा, प्लास्टिक वितळून कडेला ओघळ आलेले दिसतील. झीज खूप असेल तर आधी त्या बदला.

उपाय म्हणाल तर स्क्रॅचर. रेलला लावायचे दोन दांडे, टोकाला कार्बाइड. ते ट्रेल खरवडत मागे ओढले जातात आणि तो कीस पट्टा वर उडवतो. रिव्हर्स असेल तर केबलचे घ्या, मागे जाताना वाकतात. स्प्रिंगच्या जाड तारेचे काही रिव्हर्समध्ये सरळ मोडतात, ते आधी उचलून हुकात अडकवावे लागतात. डांबरी रस्ता ओलांडताना आणि ट्रेलरवर चढवताना कुठलेही असोत, वरच ठेवा.

दोन गोष्टी कळवा. मागचा रबरी पडदा, स्नो फ्लॅप, जो उडालेला बर्फ आत अडवतो, तो अख्खा आहे का? आणि घरी इंजिन गरम झालं की बंद करून पुढचा-मागचा एक्स्चेंजर जपून चाचपा. पुढचा गरम आणि मागचा गारठलेला असेल तर कूलंट फिरत नाही: थर्मोस्टॅट अडकला, आत हवा राहिली, किंवा खरंच पंप. दोन्ही गरम लागले तर पंपावर पैसे घालू नका.

डुलुथची_ताई
वरचं सगळं बरोबर. एकच भर घालते. भुसभुशीत बर्फ शोधायचा तो ट्रेलच्या उजव्या कडेचाच, पलीकडच्या शेतात शिरू नका. आमच्याकडे मिनेसोटात आणि तिकडे मिशिगनमध्येही कितीतरी ट्रेल लोकांच्या खाजगी जमिनीतून परवानगीने जातात. चार जण आत घुसले की मालक परवानगी काढून घेतो आणि सगळ्यांचा रस्ता बंद. मला याचं फार वाईट वाटतं. तलावाच्या नितळ बर्फावर तर स्क्रॅचरही फारसे चालत नाहीत, तिथे लांबची दौड मारू नका.

माझी फॅन कूल्ड आहे, तिला उडत्या बर्फाची गरज नाही. फॅनचा बेल्ट आणि सिलिंडरच्या पात्यांत अडकलेला कचरा तेवढा बघते. स्लाइड मात्र माझ्याही जळतात.

नोव्हायकर
लेक_सुपीरियर, ताई, मनापासून आभार. दोन्ही एक्स्चेंजर गरम लागले. पंप तसाच ठेवलाय. स्नो फ्लॅप बघितला तर अर्धा फाटून गेलेला, आधीच्या मालकाने उरलेलाही कापून सरळ केलेला. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नवा लावला, स्लाइड बदलल्या, केबलचे स्क्रॅचर बसवले. रेलला भोकं पाडताना हात थरथरत होते, पण नीट बसले.

काल पुन्हा होटनला. तिथल्या लिफ्ट ब्रिजच्या, म्हणजे उचलता येणाऱ्या पुलाच्या, खालच्या मजल्यावरून, हिवाळ्यात तो स्नोमोबाइलला खुला असतो, पलीकडे कॅल्युमेटपर्यंत जाऊन आलो. ट्रेल तसाच टणक. दिवा एकदाही लागला नाही. कॅल्युमेटला इंजिन बंद करून टनेलखाली वाकून बघितलं तर एक्स्चेंजरवर ओला लगदा चिकटलेला, त्यातून पाणी टपटप पडत होतं. बायकोने त्याचाच फोटो काढलाय, रात्री टाकतो.