हेडसेटची वायर गाडीच्या ऑक्सला जोडताना

बिघडलेल्या हेडसेटची वायर कापून गाडीच्या स्टिरिओला जोडता येईल का, हा आपला प्रश्न आणि त्यावर आलेले ‘नुसता पीळ मारला तरी चालेल’ हे उत्तर वाचले. माझ्या मते तसे चालणार नाही. या केसासारख्या तारांवर रंगीत इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लाखेसारख्या लेपाचा, थर असतो. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर, कथिलाच्या थेंबात तो जाळल्याशिवाय जोड धरत नाही, आणि धरलाच तरी कोल्हापुराहून करूळ घाट उतरेपर्यंत नुसता पीळ टिकेल याची खात्री मी देणार नाही.

आजच्या बहुतेक फोनांसाठीच्या ३.५ मिमी पिनेवर टोकाकडून डावा, उजवा, ग्राउंड (सर्वांची सामाईक परतीची तार) आणि माइक असा क्रम असतो. तारांचे रंग मात्र कंपनीगणिक बदलतात, म्हणून कोणती तार कुठे जाते हे मल्टिमीटरनेच तपासावे. माइकची तार मोकळी ठेवून तिच्यावर स्वतंत्र टेप गुंडाळावी. डावा व उजवा एकत्र करू नयेत. जोडणी फक्त ऑक्स इनपुटलाच (बाहेरच्या उपकरणाचा आवाज स्टिरिओत घेण्याच्या जागी) करावी, स्पीकरच्या तारांना कदापि नाही. फोन गाडीतच चार्जिंगला लावल्यावर घरघर ऐकू आली, तर दोष बहुधा सोल्डरिंगचा नसून ग्राउंड लूपचा, म्हणजे चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी ग्राउंड जोडले गेल्याने तयार झालेल्या वेढ्याचा, असतो. तो वेढा तोडण्यासाठी ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो.