मदत हवी आहे : परळ-दादर भागात रात्री गाडी उभी करून आत झोपण्यासाठी सुरक्षित जागा

सर्वांना नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. पत्नीवर परळच्या एका रुग्णालयात कर्करोगाचे उपचार सुरू असल्यामुळे गेले सोळा दिवस मी मुंबईत आहे आणि या सोळाही रात्री मी माझ्या वॅगनआरमध्ये झोपलो आहे. तिला एकूण ३० वेळा किरणोपचार, म्हणजे बोलण्यात सगळे ज्याला शेक म्हणतात ते, घ्यायचे आहेत. शनिवार-रविवार सोडून रोज एक याप्रमाणे ११ झाले, १९ राहिले. त्याबरोबर आठवड्यातून एकदा केमो आहे.

दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन ही नावे इथे येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला दोन दिवसांत पाठ होतात. आम्हालाही देवाच्या कृपेने एका धर्मशाळेत जागा मिळाली, पण ती रुग्ण आणि सोबत एक व्यक्ती एवढीच. पत्नीजवळ तिची आई राहते, कारण रात्री उठवणे-बसवणे, कपडे बदलणे हे तिला आईकडून करून घेणे सोपे जाते. रुग्णांनाच जागा पुरत नसताना तिसऱ्या माणसाने तिथे पथारी टाकावी असे मलाही वाटत नाही. चुलतभाऊ विरारला एका खोलीत पाच माणसांसह राहतो. त्याने आग्रहाने बोलावले, पण तिथून मध्यरात्री परळला वेळेत पोहोचणे शक्य नाही, आणि लॉजचे भाडे महिनाभर देण्याइतके पैसे औषधांनंतर उरत नाहीत.

जवळ राहण्याचा हट्ट का, ते सांगतो. दुसऱ्या केमोनंतर रात्री पावणेदोनला सासूबाईंचा फोन आला की अंग तापले आहे. केमो सुरू असलेल्या रुग्णाला १००.४ अंशांच्या वर ताप गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात आणा, असे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. मी सहा मिनिटांत धर्मशाळेच्या दारात होतो आणि वीस मिनिटांत ती अपघात विभागात खाटेवर होती. त्या रात्री मी विरारला असतो तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही. म्हणून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत दहा मिनिटांच्या अंतरावर गाडी उभी करता येईल अशी जागा मला हवी आहे.

आतापर्यंत काय करून पाहिले तेही लिहितो, म्हणजे तेच पुन्हा सुचवण्यात कोणाचा वेळ जाणार नाही. पहिल्या तीन रात्री हिंदू कॉलनीच्या एका गल्लीत काढल्या. तिसऱ्या रात्री रहिवाशांनी पोलिसांना कळवले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही; अनोळखी नंबरच्या गाडीत रोज कोणी झोपलेले दिसले तर आमच्या गावातही विचारपूस होईल. हवालदारसाहेबांनी रुग्णालयाची फाईल पाहिली, दोन शब्द धीराचे बोलले आणि गल्ली बदलायला सांगितले. नंतर एका सशुल्क वाहनतळावर गेलो. तिथल्या माणसाने रात्रभराचे पैसे घेतले, पावती दिली नाही आणि एक वाजता उठवून बाहेर काढले. सध्या एका पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला व्यवस्थापकांच्या परवानगीने थांबतो. महिनाअखेरीस तिथे काम निघणार असल्यामुळे ती जागा सोडावी लागेल.

गाडीतील व्यवस्थेबाबत फार अडचण नाही. मागची सीट पाडली की डिकी आणि सीटच्या पाठीमध्ये चार बोटे खाच पडते आणि ती नेमकी कमरेखाली येते, म्हणून तिथे वाकळेची घडी भरून वर गावाहून आणलेली फळी टाकली आहे. डासांची काळजी जास्त आहे, कारण मला मलेरिया किंवा डेंग्यू झाला तर तिच्याजवळ राहून धावपळ कोण करणार? मच्छरदाणीच्या कापडाचे चार तुकडे कापून त्यांच्या कडांना लहान लोहचुंबक शिवून घेतले. ते दाराच्या पत्र्याला आतून-बाहेरून घट्ट बसतात आणि काच वीतभर खाली ठेवता येते. उकाडा कितीही असला तरी एसीसाठी इंजिन चालू ठेवून मी झोपत नाही आणि कोणीही झोपू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उभ्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. अंघोळीसाठी पहाटे पाचला सुलभ शौचालय गाठतो.

कायद्याबद्दल जाणकारांनी माझी समजूत तपासून द्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेली किंवा मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी उचलून नेता येते. याचा अर्थ मी असा लावतो की, जिथे पार्किंगला मनाई नाही आणि रहदारीला अडथळा होत नाही तिथे चालकाने गाडीत विश्रांती घेणे हा स्वतः गुन्हा होत नाही. हे बरोबर आहे का? रात्री चौकशी झाल्यास फाईल आणि आधार कार्डाशिवाय आणखी एखादे पत्र जवळ ठेवावे का, आणि स्थानिक पोलीस ठाण्यात आधीच लेखी कळवून ठेवलेले बरे का?

माझी खरी चिंता पावसाची आहे. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, म्हणजे शेवटचे काही शेक पावसातच होतील. परळ-हिंदमाता हा भाग बशीसारखा खोलगट आहे. प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवण्यासाठी टाक्या बांधल्या आहेत हे वाचले, तरीही मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकत्र आले की समुद्राकडे पाणी जायला वाट राहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी दारे-काचा न उघडल्यामुळे गाडीतच अडकून काही माणसे दगावली होती. मी तर झोपलेला असणार. काच फोडण्याची लहान हातोडी मी उशाशी बांधून ठेवली आहे, पण गाडी मुळात उंचावर असणे हाच उपाय मला दिसतो.

म्हणून विचारतो. गिरण्यांच्या जमिनीवरील नव्या इमारतींमध्ये पालिकेचे बहुमजली सार्वजनिक वाहनतळ आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यावर मासिक पास काढून गाडी ठेवल्यास रात्री आत माणसाला राहू देतात का? कोणी नातेवाईक म्हणून असे केले असेल तर अनुभव सांगावा. एखाद्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीची जागा रात्रीपुरती रिकामी असेल तर योग्य ते शुल्क देऊन, ओळखपत्रांच्या प्रती आणि मुख्याध्यापकांचे पत्र सचिवांकडे देऊन राहण्याची माझी तयारी आहे. आत स्वयंपाक नाही, पाणी सांडणार नाही, सहाच्या आधी गाडी बाहेर असेल.

तीन दिवसांनंतरची भर : उत्तरे देणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. रेल्वे स्थानकाच्या वाहनतळाची सूचना चांगली होती, परंतु मी चौकशी केलेल्या ठिकाणी गाडी ठेवता येते, आत झोपता येत नाही असे सांगितले. पोलीस ठाण्यात अर्ज दिला असून त्याची शिक्का मारलेली प्रत आता डॅशबोर्डवर असते. त्यामुळे काल रात्री गस्तीवरच्या शिपायाने बॅटरी मारून ती वाचली आणि मला न उठवताच ते पुढे गेले, हे सकाळी पंपावरच्या मुलाने सांगितले.

ज्यांनी गोलंजी हिल रोडचा चढ सुचवला त्यांना एकच विचारायचे आहे. काल दुपारी तिथे जाऊन आलो, जागा उंचावर आहे आणि झाडांची सावलीही आहे. मुसळधार पावसात टेकडीवर गाडी कोरडी राहील हे खरे, पण तिथून दादरच्या धर्मशाळेपर्यंत आणि पुढे रुग्णालयापर्यंत पाणी न तुंबणारा रस्ता कोणता? शिवडी-परळ भागात पावसाळे काढलेल्या कोणी तो वळणावळणांसह लिहून दिल्यास मी या रविवारी रात्री तो दोनदा चालवून पाहीन.